पायरीवरची पांढरी रेघ

ओदोरिकोला नाव होतं, पण ते घेणारं कोणी नव्हतं. युद्रियो नदीपासून कोर्मोन्सच्या टेकड्यांपर्यंत सगळी गावं त्याला धारवाला म्हणायची. ‘आला गं धारवाला!’ अशी हाक एका खिडकीतून निघाली की ती गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायची, आणि बायका सुऱ्या, कात्र्या, वेली छाटायच्या कैच्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. सायकलच्या दांडीवर बसवलेला गोल दगड, त्याच्यावर पाण्याचा डबा, डब्याला बोटाएवढी तोटी. सायकल स्टँडवर चढवायची, पट्टा चाकावरून दगडावर घ्यायचा, तोटी थेंबथेंब सोडायची आणि पॅडल मारायचं. बाप हेच करत होता, आजा हेच करत होता. रेझियाच्या खोऱ्यात माती कमी आणि दगड फार. तेव्हा तिथल्या माणसांनी दगडच चाकाला बांधला आणि पोटासाठी खाली उतरली.

मार्च ते नोव्हेंबर ओदोरिको रस्त्यावर असायचा. पण बिचारा उपाशीतापाशी फिरायचा असं कोणी समजू नये. खाण्यापिण्यात या माणसाचा थाट एखाद्या सरदाराला नसेल! आमच्या टेकड्यांवर ज्याचं पिंप तयार होतं तो शेतकरी रस्त्याच्या वळणावर आणि आपल्या फाटकावर हिरवी डहाळी टांगतो. डहाळी दिसली की समजायचं, या घरी घरची वाइन आहे, घरच्या डुकराची सलामी आहे, घरच्या कोंबडीची अंडी आहेत, या आणि बसा. दुसऱ्याची वाइन आणून विकायची नाही. पिंपाचा तळ दिसला की डहाळी खाली, दार बंद. वर्षातून दोनदा, वसंतात आणि द्राक्षं उतरल्यावर, पंधरापंधरा दिवस हा सोहळा चालतो.

ओदोरिको लांबूनच पानं बघून घराची परिस्थिती सांगायचा. पानं टवटवीत असली तर पिंप भरलेलं, सावकाश चला. कडेनं वळलेली असली तर पाय उचला. आणि नुसती काडी लोंबत असली तर वाइनीची आशा सोडा, उकडलेलं अंडं मिळालं तरी देवाचे आभार माना. कोणाच्या अंगणात व्हिनेगर-कांद्यात परतलेली सलामी, कोणाकडे चीज आणि बटाट्याचा खरपूस फ्रिको, कोणाकडे लाकडी पाटावर ओतलेला मक्याच्या पिठाचा पिवळा पोलेंटा, दोरीनं कापलेला. डोळे मिटून एक घोट घेतला की तो सांगायचा, ही वाइन टेकडीच्या उगवतीच्या अंगाची, ही मावळतीची, आणि ही सपाटीवरची, हिच्यात पावसाचं पाणी फार झालंय. शेतकरी चिडायचे, पण नाकारत नसत.

सुऱ्यांचं तर विचारूच नका. पात्यावरून अंगठा फिरवला की घरातलं सगळं कळायचं त्याला. एकदा ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. पाद्रीबाबांच्या घरची स्वयंपाकीण सुरी घेऊन आली. म्हणाली, “जरा हात चालवा हो, महिनाभर कोबीशिवाय काही कापलं नाही, तरी बोथट झाली मेली.”

ओदोरिकोनं पातं उन्हात धरलं. धारेला दोन खाचा पडल्या होत्या. तो म्हणाला, “बाई, तुमच्याकडच्या कोबीला हाडं असतात वाटतं.”

बाईचा चेहरा बिटासारखा लाल! पण त्या दिवसापासून त्या मागल्या दारी उपास असो नसो, धारवाल्याला हॅम चुकला नाही.

असा हा माणूस. पण बावन्न वर्षांत कोणाच्या बाकावर मात्र बसला नव्हता. डहाळीच्या घरी लांबलचक बाक असतात, ओळखीचे-अनोळखी सगळे खेटून बसतात, आणि एकदा बसलं की रिवाज असा की प्रत्येकानं सगळ्यांना एकएक तायुत पाजायचा. तायुत म्हणजे छोटा पेलाच, पण सात माणसं बसली की सात तायुत झाले, आणि मग उतारावर ती दगडाची सायकल कोण सांभाळणार? हे तो लोकांना सांगायचं कारण. दुसरं कारण हात. दगडाचा चिखल नखांत, रेषांत, मनगटापर्यंत काळा. बाप सांगून गेला होता, “धारवाल्यानं चाकाशेजारी उभं राहून खावं. एका घरी बसलास की पुढचं गाव बुडालं.” तेव्हा तो अंगणाच्या कडेला, सायकलच्या सीटवर ताटली ठेवून उभ्यानं खायचा. बाकावरची हसणीखिदळणी ऐकायची, एखाद्या विनोदाला दुरूनच हसायचं, पेला धुऊन कठड्यावर पालथा घालायचा आणि निघायचं. लोकांनाही सवय झाली होती. धारवाला उभाच असतो, असं लोक घोडा उभाच झोपतो म्हणतात तसं म्हणायचे.

तर सांगायचं ते नोरीनाच्या सुरीचं.

नोरीनाचं घर टेकडीच्या अगदी वरच्या टोकाला. एकतीस वर्षांपूर्वी ती तेहतिशीची होती, आजारी बापाचं करता करता लग्नाचं राहून गेलेलं. बापानं सुऱ्यांसाठी नावाजलेल्या मानियागोहून हॅम कापायची नवी सुरी आणली होती, हातभर लांब, दोन बोटं रुंद. ओदोरिकोनं तिला पहिली धार लावली. नोरीनानं आडव्या घोडीवर लावलेली हॅमची मांडी घेतली आणि सहा काप काढले. एक काप तिनं सुरीच्या टोकावर उचलून त्याच्यापुढे धरला. “बघा, तुमची धार.” ओदोरिकोनं बघितलं तर कापातून समोरची टेकडी दिसत होती, वेलींच्या ओळींसकट, गुलाबी. त्यानं तो जिभेवर ठेवला. चावायला काही उरलंच नाही. वर तिच्या घरची पांढरी तोकाई वाइन, शेवटी कडवट बदामासारखी लागणारी. ‘छान आहे’ एवढंच तो बोलला, आणि पुढे दोन गावं चुकीच्या रस्त्यानं गेला.

त्यानंतर वर्षातून दोनदा तो टेकडी चढायचा. सहाव्या वर्षी शरदात सुरी हातात घेतली आणि त्याचा अंगठा थबकला. हॅमवर चालून बोथटलेली धार सगळीकडून सारखी मवाळ होते. ही तशी नव्हती. ही मध्येच चपटी झाली होती आणि धारेत करडी भुकटी अडकली होती. कोणीतरी चांगली धारदार सुरी दगडावर घासून मुद्दाम बोथट केली होती. त्याची नजर फाटकाच्या पायरीकडे गेली. करड्या दगडावर बोटभर लांबीची ताजी पांढरी रेघ.

नोरीना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मान फिरवून अंडी सोलत होती. हातातलं अंडं कधीच सोलून झालं होतं.

ओदोरिकोनं सुरीला धार लावली, ताटली उभ्यानं संपवली आणि जाताना पायरीवरची रेघ बुटानं पुसली, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. तेव्हापासून फाटकाशी आला की तो डहाळीच्या आधी पायरी बघायचा. दर खेपेला रेघ असायची. कधी दोन असायच्या. पहिली रेघ दिसली त्याच वर्षी तिचा बाप गेला होता.

तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाही? अहो, काय बोलणार? ती म्हणायची, “यंदा धार लवकर गेली.” तो म्हणायचा, “तुमच्याकडे गिऱ्हाईक फार.” ती म्हणायची, “हो, फार.” एवढ्यावर पंचवीस वर्षं गेली. दोघांनाही वाटत राहिलं की पुढच्या खेपेला बघू.

पण सुरी थांबत नव्हती ना! दगड काही फुकट धार देत नाही, तो दर वेळी पात्याची केसभर रुंदी खातो. दोन बोटांची सुरी एक बोट झाली, मग अर्धं. या वसंतात ती गवताच्या पात्यासारखी झाली होती. धार लावून झाल्यावर नोरीनानं ती आडवी धरून बघितली आणि हळूच विचारलं, “अजून एकदा निघेल?”

“निघेल की,” ओदोरिको म्हणाला. निघाली असती तर जेमतेम एकदाच, आणि तेही पातं दगडावर तडकलं नसतं तर. नवी सुरी घ्या, असं तो कोणत्याही घरी सहज सांगायचा. इथे सांगितलं नाही. नवी सुरी म्हणजे नवं पोलाद, दोन दोन वर्षं धार टिकणारं. आणि नव्या सुरीला कोणी पायरीवर घासेल याची खात्री काय?

उन्हाळाभर हे त्याच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. सुरी संपली की टेकडी चढायचं कारण संपलं. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याला कोणाच्या दारात काम नसताना जाता येत नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. रेझियाला त्याची एक खोली होती. तिच्यात एक खुर्ची, एक पेला, एक खुंटी. धार लावायला घरात सुरीही एकच होती.

ऑक्टोबरात तो टेकडी चढला. वळणावरच्या डहाळीची पानं कडेनं वळली होती, म्हणजे दोनचार दिवसच उरले होते. फाटकाशी पोचला, सायकल टेकवली आणि पायरी बघितली.

रेघ नव्हती.

त्यानं वाकून बघितलं. पावसानं धुतली असेल म्हणून दुसऱ्या कडेला बघितलं. दगड कोरा होता. आतून घूं घूं असा आवाज येत होता. अंगणात बाक भरलेले, आणि खिडकीपाशी नोरीनाचा भाचा एन्नियो एका चकचकीत यंत्रापुढे उभा. यंत्राचं चाक फिरत होतं आणि हॅमचे काप एकावर एक पडत होते, सगळे सारखे.

“काय धारवाले काका!” एन्नियोनं हात केला. “बघा, उदीनेहून आणलं. मावशीचे हात दुखतात हल्ली. आता सुरीची कटकट नाही. बसा, तायुत घ्या.”

“नको. पुढे जायचंय.” ओदोरिकोचा हात हँडलवर गेला.

बाकाच्या टोकाला निवृत्त पोस्टमन जेलिन्दो बसला होता. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. “अरे, यंत्रानं पोटावर पाय दिला बघा धारवाल्याच्या! चाळीस वर्षं मी पत्रं वाटली, मला फोननं मारलं. ये, दोघं मिळून रडू. आधी तू पाज.”

लोक हसले. ओदोरिकोही हसला, दुरून हसायचा तसाच. सायकल वळवली.

“थांबा.”

नोरीना दारात आली होती. केस पांढरे, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. ती अंगण ओलांडून सरळ त्याच्यापाशी आली आणि फडकं उलगडलं. “हिला धार हवीय.”

“मावशी, अगं कशाला आता—” एन्नियो बोलू लागला.

“तू तुझं चाक फिरव रे.”

ओदोरिकोनं सुरी घेतली. अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला, मुठीपासून टोकापर्यंत. धार त्याचीच होती. वसंतात लावलेली, जशीच्या तशी. सहा महिन्यांत ही सुरी एका कापालाही लागली नव्हती, पायरीची तर गोष्टच सोडा. हिनं जपून ठेवली होती. म्हणजे पात्याची रुंदी हीही मोजत होती, इतकी वर्षं.

त्यानं मान वर केली नाही. सायकल स्टँडवर चढवली, पट्टा घातला, पॅडल मारू लागला. दगड फिरला. त्यानं सुरी दोन्ही हातांनी धरली आणि दगडाजवळ नेली, केसभर अंतर सोडून. मुठीपासून टोकापर्यंत, टोकापासून मुठीपर्यंत. नेहमी जितक्या फेऱ्या घ्यायचा तितक्या घेतल्या. खरखर नाही, ठिणगी नाही, नुसता पट्ट्याचा करकर आवाज.

जेलिन्दोनं मान लांब केली. “ए धारवाल्या, ठिणग्या कुठायत? म्हातारा झालास काय?”

“जेलिन्दो,” नोरीना म्हणाली, “तू तुझ्या पेल्यात बघ. त्यातही काही उरलेलं दिसत नाही.”

बाक खदखदला. जेलिन्दोनं पेला उलटा करून दाखवला आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

ओदोरिकोनं फडक्यानं सुरी पुसली. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. “झाली,” तो म्हणाला.

“चांगली लागली?”

“चांगली.”

ती आत गेली. खिडकीतून त्याला दिसलं, तिनं एन्नियोला बाजूला सारलं, नवी मांडी घोडीवर लावली आणि कापायला लागली. ताटली घेऊन ती बाहेर आली ती सायकलपाशी न येता बाकापाशी. बाकाच्या टोकावर ताटली ठेवली, शेजारी तोकाईचे दोन पेले.

“आज इथे बसा.”

“नको हो. हात काळे आहेत.” एकतीस वर्षं तेच बोलत आला होता, तोंडातून आपोआप निघालं.

नोरीनानं त्याच्या हातांकडे बघितलं. “आज कुठे काळेत?”

त्यानं हात उलटेसुलटे केले. पाण्याची तोटी त्यानं सोडलीच नव्हती. दगड कोरडा, हात कोरडे, नखं स्वच्छ. धारवाल्याच्या घरचं पोरही सांगेल की पाण्याशिवाय धार होत नाही. मग साठबासष्ट वेळा दारात उभं राहून बघणाऱ्या बाईला कळलं नसेल? त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“सरका, सरका!” जेलिन्दो ओरडला. “धारवाल्याचे गुडघे दुमडतात! फादरना बोलवा, चमत्कार झाला!”

माणसं सरकली आणि ओदोरिको बसला. बाक त्याला वाटला होता त्यापेक्षा ठेंगणा निघाला. समोर नोरीनासाठी जागा होती, तिचा पेला भरून ठेवलेला. पण डहाळीच्या शेवटच्या दिवसांत घरच्या माणसाला बसायला कुठलं मिळतं? ‘नोरीना, अंडी!’ ‘नोरीना, इकडे अर्धा लिटर लाल!’ ती येताजाता ‘आलेच’ म्हणायची आणि जायची.

शेजारी मिलानचं एक जोडपं होतं, पाठीवरच्या पिशव्या पायाशी ठेवलेलं. त्यातल्या बाईनं विचारलं, “तुम्ही इथलेच का हो?”

“नाही.”

“मग आमच्यासारखे फिरायला आलात?”

ओदोरिकोनं जरा विचार केला. “हो. बावन्न वर्षं झाली.”

बाईला तो विनोद वाटला. ती हसली आणि नवऱ्याशी बोलू लागली. ओदोरिकोनं एक काप उचलला, उन्हासमोर धरला. टेकडी दिसली, पण वेलींच्या ओळी आता त्याच्या डोळ्यांना ओळखू येत नव्हत्या. काप जिभेवर विरघळला. वाइनीचा शेवट तसाच कडवट बदामाचा. बाकावर आठ माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि कोणाशी काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं. उभं असताना निदान सायकल तरी सोबत असायची. तो सावकाश प्यायला. समोरचा पेला भरलेलाच होता. एक माशी त्याच्या काठावर बसली, त्यानं ती उडवली. पुन्हा बसली, पुन्हा उडवली. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत सरकत पेल्यापर्यंत आला, आतली वाइन पिवळीजर्द झाली, आणि मग पट्टा तिथूनही सरकला. मिलानचं जोडपं निघून गेलं. जेलिन्दोही घरी गेला, जाताना पाठीवर थाप मारून.

रात्री झोपायला खालच्या गावातल्या कोठारापर्यंत अंधाराच्या आत पोचायचं होतं. ओदोरिको उठला. सवयीनं पेला धुवायला निघाला, तेवढ्यात नोरीना भराभर आली, एप्रनला हात पुसत. समोरच्या जागेकडे बघितलं, उठलेल्या माणसाकडे बघितलं. मग उभ्यानंच तिनं तो पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला, तो वर्षानुवर्षं प्यायचा तसाच.

“बसता आलं नाही बघा,” ती म्हणाली.

“गिऱ्हाईक फार.”

“हो. फार.”

मग त्यानं विचारलं, “वसंतात सुरी—”

“सुरी राहू दे तिच्या जागी. तुम्ही या.”

“काम नसताना?”

“या लोकांना काय काम असतं इथे?” तिनं हातानं सगळे बाक दाखवले. “डहाळी बघतात आणि येतात.”

आतून एन्नियोनं हाक मारली आणि ती गेली.

ओदोरिको सायकल घेऊन फाटकाबाहेर आला. आज पायरीवर पुसायला काही नव्हतं. तरी तो क्षणभर थांबला. उतारावर ब्रेक दाबत, दगडाचं ओझं सांभाळत तो वळणापर्यंत आला. तिथली डहाळी वाऱ्यावर हलत होती. आणखी दोन दिवसांनी एन्नियो ती उतरवणार. मग हिवाळा, रेझियाची खोली, एक खुर्ची. मार्चपर्यंत पाच महिने, आणि पाच महिन्यांनी नोरीना पासष्टीची, तो एकोणसत्तरीचा.

त्यानं सायकल थांबवली आणि पाण्याचा डबा हलवून बघितला. सकाळी भरलेला, काठोकाठ. त्यानं तोटी उघडली आणि सगळं पाणी डहाळीच्या खालच्या गवतात सोडून दिलं, उतारावर ओझं नको म्हणून. मग कोरडा दगड घेऊन तो खाली निघाला.